लहान की वेगवान? लिनक्सच्या कर्नलमधील एका नियमाची तपासणी

संगणकशास्त्राच्या पुस्तकांत एक विधान हमखास भेटते: जागा वाचवाल तर वेळ जास्त लागेल, वेळ वाचवाल तर जागा जास्त लागेल. शाळेतले उदाहरण द्यायचे तर पाढ्यांचे देता येईल. सतरा आठे किती, हे दर वेळी बेरीज करून काढले तर डोक्यात काही साठवावे लागत नाही, पण वेळ जातो. पाढा पाठ असेल तर उत्तर झटकन येते, मात्र त्यासाठी आधी तो साठवावा लागतो. विधान समजायला सोपे, परीक्षेत लिहायला सोपे आणि बहुतेक ठिकाणी खरेही आहे.

पण हे विधान ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलला लावून पाहिले की ते अपुरे पडते. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या प्रोग्रामला किती वेळ प्रोसेसर द्यायचा, कोणाला किती मेमरी द्यायची, डिस्कवरून मजकूर कसा आणायचा, ही सगळी कामे तो करतो. तो जलद असावा असे सर्वांनाच वाटते. त्यासाठी त्याचा कोड आखूड ठेवावा की पसरट, हा वाद लिनक्सच्या कर्नलमध्ये बरीच वर्षे चालला. या वादात दोन नोंदी महत्त्वाच्या आहेत. एक, कर्नलसोबत मिळणाऱ्या लेखनशैलीच्या मार्गदर्शिकेतील एक प्रकरण. दुसरी, २०११ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी बदललेली एक साधी सेटिंग. या दोन्हींची तपासणी आम्हाला येथे करायची आहे. कारण शिकवताना आपण नियम सांगतो, आणि तो नियम कशावरून आला हे सांगायचे राहून जाते.

टेबल लहान, पुस्तके अनेक

आधी थोडे यंत्राविषयी. प्रोसेसर आज्ञा मुख्य मेमरीतून थेट घेत बसला तर त्याचा बराच वेळ वाट पाहण्यात जाईल. मुख्य मेमरीतून काही आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. सेकंदाला ३ अब्ज ठोके देणाऱ्या प्रोसेसरचे तेवढ्यात ३०० ठोके होऊन जातात. म्हणून प्रोसेसरच्या अगदी जवळ कॅश नावाची लहान, जलद मेमरी ठेवलेली असते. तिच्यातून चार-पाच ठोक्यांत वस्तू हाती येते.

शिक्षकांच्या खोलीतले टेबल आणि ग्रंथालयातील कपाट यांची तुलना येथे चपखल बसते. टेबलावर असलेले पुस्तक लगेच हाती येते. कपाटातले आणायला उठावे लागते. टेबल मात्र लहान असते. नवे पुस्तक ठेवायचे तर जुने एखादे उचलावे लागते.

हे टेबल किती लहान आहे ते पाहा. इंटेलच्या १९८९ च्या ४८६ प्रोसेसरमध्ये ८ किलोबाइटची कॅश होती, आज्ञा आणि माहिती दोन्हींसाठी मिळून. १९९३ च्या पेंटियममध्ये आज्ञांसाठी ८ आणि माहितीसाठी ८ अशी वाटणी झाली. २००६ पासूनच्या कोअर मालिकेत आज्ञांची पहिली कॅश ३२ किलोबाइटची झाली आणि पुढे दीड दशक इंटेलच्या मुख्य प्रोसेसरांत ती तेवढीच राहिली. एएमडीने तर २०१७ च्या झेन प्रोसेसरमध्ये ६४ किलोबाइट दिलेली ही कॅश २०१९ च्या झेन-२ मध्ये ३२ वर आणली. या काळात घरगुती संगणकाची मुख्य मेमरी काही मेगाबाइटपासून काही गिगाबाइटपर्यंत, म्हणजे हजारो पटींनी वाढली. आज्ञांची पहिली कॅश ८ वरून ३२ वर, फक्त चौपट झाली. कॅश मोठी केली की तीच सावकाश होते, हे त्यामागचे एक मोठे कारण.

येथेच पाठ्यपुस्तकातले विधान उलटते. कोड पसरट झाला की तो टेबलावर मावत नाही, आणि जो टेबलावर मावत नाही तो सावकाश चालतो. म्हणजे या ठिकाणी जागा वाचवणे हाच वेळ वाचवण्याचा मार्ग ठरू शकतो. जागा आणि वेळ हे तराजूचे दोन पारडे आहेत, हे चित्र मोडते.

तीन ओळींचा नियम

आता मार्गदर्शिकेतील प्रकरणाकडे वळू. सी भाषेत एखादे लहान काम वेगळ्या फंक्शनमध्ये लिहिले की ते हवे तेथून बोलावता येते. बोलावण्याचा थोडा खर्च असतो: तिकडे जायचे, काम करायचे, परत यायचे. हा खर्च टाळायला फंक्शनला 'इनलाइन' म्हणण्याची सोय आहे. मग कंपायलर बोलावण्याऐवजी फंक्शनची संपूर्ण नक्कलच त्या जागी उतरवतो.

हिशेबासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. फंक्शन ६० बाइटचे आहे आणि कर्नलमध्ये ४०० ठिकाणी वापरले आहे. प्रत्येक ठिकाणी नक्कल केली तर २४,००० बाइट होतात. बोलावणी ठेवली तर इंटेलच्या पद्धतीत एका बोलावणीला ५ बाइट, म्हणजे २,००० आणि मूळ फंक्शनचे ६०, असे २,०६० बाइट पुरतात. ३२ किलोबाइट म्हणजे ३२,७६८ बाइट. पहिल्या पद्धतीत केवळ या एका फंक्शनच्या नकला टेबलाच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश इतक्या भरतात. ४०० ठिकाणे एकाच वेळी वापरात नसतात हे खरे. पण कर्नलमध्ये अशी फंक्शने शेकडो असतात हेही खरे.

मार्गदर्शिकेने या सवयीला रोगच म्हटले आहे. तिचे म्हणणे असे: इनलाइनचा सढळ वापर केला की कर्नल फुगतो, आज्ञांच्या कॅशवर ताण पडतो, आणि डिस्कवरील मजकूर तात्पुरता ठेवण्यासाठी मेमरी कमी उरते. तसा मजकूर मेमरीत सापडला नाही की डिस्ककडे जावे लागते आणि त्यात सहज ५ मिलिसेकंद जातात. म्हणून ढोबळ नियम असा की तीन ओळींपेक्षा मोठ्या फंक्शनला इनलाइन म्हणू नये.

या प्रकरणाचा मोठा गुण असा की ते प्रोग्रामरची नजर एका फंक्शनवरून उचलून संपूर्ण यंत्राकडे वळवते. बोलावणीचे दोन-चार ठोके वाचवणाऱ्याला ते विचारते, तुझ्या या बचतीची किंमत दुसरे कोण मोजते आहे? हा प्रश्न फार मोलाचा आहे.

पण नियम म्हणून त्यात दोन उणिवा आहेत. पहिली, मोजण्याचे एकक. सी भाषेतील ओळ हे आकाराचे माप नव्हे. एका ओळीत दुसरे मोठे फंक्शन दडलेले असू शकते आणि तिचे शंभर बाइट होऊ शकतात. उलट दहा ओळींच्या फंक्शनला दिलेली किंमत कंपायलरला आधीच ठाऊक असेल, तर त्यातले सगळे 'जर-तर' गळून जाऊन एखादी आज्ञा उरते. मार्गदर्शिकेने हा अपवाद मान्य केला आहे आणि मेमरी मागण्याच्या एका फंक्शनचे उदाहरणही दिले आहे. मग खरे माप ओळींचे नसून तयार झालेल्या आज्ञांचे आहे, हे तिने उघड सांगायला हवे होते.

दुसरी उणीव काळाची. ५ मिलिसेकंद हा फिरत्या तबकडीच्या डिस्कचा वेळ. ३ अब्ज ठोक्यांच्या प्रोसेसरचे त्यात दीड कोटी ठोके वाया जातात. आजच्या चांगल्या एसएसडीला याच कामाला साधारण १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे तीन लाख ठोके. खर्च अजूनही मोठाच आहे, पण पन्नास पटींनी घटला आहे. कॅशविषयीचा मुद्दा आजही तितकाच खरा आहे. डिस्कविषयीचा मुद्दा मात्र जुना झाला. दोन्ही एकाच दमात सांगितल्याने वाचकाला कोणता मुद्दा टिकाऊ आणि कोणता काळाबरोबर विरणारा, हे कळत नाही.

२०११ ची माघार

जीसीसी या कंपायलरला आपण सांगू शकतो की कोड कसा हवा. ओ-२ म्हटले की तो वेगाकडे लक्ष देतो. ओ-एस म्हटले की आकाराकडे. कॅशचा वरचा विचार पटला तर संपूर्ण कर्नल ओ-एसने बांधावा असे वाटणे साहजिक आहे. लिनक्समध्ये तसेच झाले होते. आकार लहान ठेवण्याची सेटिंग मूळचीच चालू असे. ज्याला नको त्याने बंद करावी.

मे २०११ मध्ये टोरवाल्ड्स यांनी ती मूळची चालू असण्याची सोय काढून टाकली. त्यांनी दिलेले कारण वाचण्यासारखे आहे. आज्ञा कॅशमध्ये न सापडण्याचा खर्च मोठा असतो, हे मत त्यांनी सोडले नाही. त्यांची तक्रार अशी होती की ओ-एस हा त्यावरचा उपाय नव्हे. कारण कंपायलर आकार वाचवण्याच्या नादात भलतीच निवड करतो.

त्यांचे उदाहरण २० बाइटची नक्कल करण्याचे होते. ६४ बिटांच्या यंत्रावर हे काम सरळ करायचे तर ८, ८ आणि ४ बाइट असे तीन वेळा उचलायचे आणि तीन वेळा ठेवायचे. सहा साध्या आज्ञा. इंटेलच्या आज्ञासंचात यासाठी एक आखूड वाटही आहे: 'चार-चार बाइट पाच वेळा हलव' असे सांगणारी एकच पुनरावृत्तीची आज्ञा. लिहायला ती लहान, पण तिची तयारी करण्यातच त्या काळच्या प्रोसेसरचे बरेच ठोके जात. पहिल्या कॅशमध्ये न सापडलेली आज्ञा दुसऱ्या कॅशमधून आणायला दहा-पंधरा ठोके लागतात. म्हणजे वाचवलेल्या बाइटांपेक्षा वाचवण्याची युक्तीच महाग पडली.

असेच एक उदाहरण भागाकाराचे आहे आणि ते गणिताच्या तासाला उपयोगी पडेल. पाचने भागायचे तर दुप्पट करून दहाने भागावे, ही तोंडी हिशेबाची युक्ती मुलांना माहीत असते. दहाने भागणे म्हणजे केवळ शेवटचा अंक वेगळा काढणे, म्हणून हे सोपे. संगणकाला दोनच्या घातांनी भागणे असेच सोपे, कारण शेवटचे द्विमान अंक टाकले की झाले. म्हणून ३२ बिटांच्या धन संख्येला १० ने भागायचे तर ओ-२ वापरताना कंपायलर भागत नाहीच. तो ३४३५९७३८३७ ने गुणतो आणि गुणाकाराचे शेवटचे ३५ द्विमान अंक टाकतो. ही संख्या कोठून आली? दोनचा ३५ वा घात आहे ३४३५९७३८३६८. त्याला १० ने भागून वरचा पूर्णांक घ्या. गुणाकाराला तीन-चार ठोके लागतात. जुन्या प्रोसेसरांत भागाकाराला वीस किंवा अधिक लागत. ओ-एस मात्र सरळ भागाकाराची आज्ञा देतो, कारण तिचे बाइट कमी आहेत.

येथे आमचे मत असे की माघार योग्य होती, पण तिचा अर्थ 'आकार महत्त्वाचा नाही' असा लावणे चूक होईल. याचा पुरावा वादाच्या दुसऱ्या टोकाला मिळतो. ओ-२च्याही पुढे ओ-३ आहे. त्यात कंपायलर वेगासाठी कोड आणखी पसरवतो. २०२२ साली कर्नलसाठी ही सोय सुचवली गेली तेव्हा टोरवाल्ड्स यांनी तीही स्वीकारली नाही. ओ-३ने ओ-२पेक्षा वाईट कोड दिल्याचा इतिहास आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आखूडपणाचा अट्टहासही नाकारला आणि पसरटपणाचाही. संपूर्ण कर्नलला एकच फतवा लागू करता येत नाही, हे यातून निघणारे खरे सूत्र आहे.

मोजा, पण काय?

अशा वेळी 'मोजून पाहा' असा सल्ला दिला जातो. सल्ला बरोबर आहे, पण मोजमापही फसवते.

कर्नलचे एक काम लाख वेळा लागोपाठ करून घड्याळ लावले तर पहिल्या फेरीनंतर त्याचा सर्व कोड टेबलावर येऊन बसतो. मग पसरट कोड हमखास जिंकतो. खऱ्या वापरात कर्नल असा एकटा धावत नाही. वापरणाऱ्याचा प्रोग्राम चालू असतो, मध्येच तो कर्नलला हाक मारतो, कर्नल टेबलावर आपली पुस्तके पसरतो, काम करतो आणि निघून जातो. टेबल प्रोग्रामचे आहे, कर्नल पाहुणा आहे. पाहुण्याने मोठे रजिस्टर उघडले की यजमानाची पुस्तके खाली पडतात, आणि ती पुन्हा उचलण्याचा वेळ यजमानाच्या नावावर लिहिला जातो.

समजा एखाद्या कामाचा ५ टक्के वेळ कर्नलमध्ये जातो आणि ९५ टक्के प्रोग्राममध्ये. कोड पसरवून कर्नलचा वेळ १० टक्क्यांनी कमी केला. एकूण वेळेत बचत झाली ०.५ टक्क्याची. पण त्या पसाऱ्यामुळे प्रोग्रामचा वेळ फक्त १ टक्क्याने वाढला, तर तोटा झाला ०.९५ टक्क्याचा. कर्नलवाल्याच्या वहीत जमा दिसते. वापरणाऱ्याच्या पदरात तूट पडते. कोणाचा वेळ मोजला, हे सांगितल्याशिवाय 'दहा टक्के वेगवान' या विधानाला अर्थ नाही.

शिवाय मोजमापाला तारीख असते. २०११ मध्ये महाग ठरलेली ती पुनरावृत्तीची आज्ञा इंटेलने पुढे सुधारली. मोठ्या नकलांसाठी बाइट हलवणारा तिचा प्रकार २०१२ च्या आयव्ही ब्रिज प्रोसेसरात जलद झाला, आणि लहान नकलांसाठी २०१९ च्या आइस लेकमध्ये. यंत्र बदलले की निवाडाही पुन्हा तपासावा लागतो.

जेथे बाइट खरोखर कमी आहेत

आतापर्यंत आपण वेगासाठी आकाराचा विचार केला. पण काही यंत्रांत आकार हाच अंतिम प्रश्न असतो. घरोघरी इंटरनेट पोचवणारे राउटर घ्या. त्यांपैकी अनेक लिनक्सवर चालतात. अशा राउटरांसाठी ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली आहे. तिच्या २०२१ च्या आवृत्तीपासून किमान ८ मेगाबाइट फ्लॅश आणि ६४ मेगाबाइट मेमरी लागू लागली. ४ मेगाबाइट फ्लॅश असलेली जुनी, चालती यंत्रे त्यामुळे नव्या आवृत्त्यांना मुकली. त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबले, की ती वापरणे धोक्याचे होते. यंत्र बिघडले नाही, झिजले नाही. केवळ प्रोग्राम मोठा झाला म्हणून ते भंगारात जाते.

हे लक्षात घेतले की आकाराचा प्रश्न केवळ तज्ज्ञांच्या हौसेचा राहत नाही. प्रत्येक नवी सोय 'आणखी थोडेसेच किलोबाइट' म्हणून आत येते. ती आणणाऱ्याचे यंत्र नेहमीच नवे आणि मोठे असते. किंमत मोजणारा बहुधा जुने यंत्र सांभाळून वापरणारा असतो.

तराजूच्या बाहेर

चांगली गोष्ट ही की सर्वोत्तम उपाय या तराजूच्या बाहेरचे आहेत. लिनक्स सुरू होताना यंत्रातले भाग ओळखणारा बराच कोड एकदाच लागतो. असा कोड वेगळ्या खुणेने बाजूला ठेवतात आणि सुरुवात संपली की त्याची मेमरी मोकळी करतात. आकार घटला आणि वेग जराही कमी झाला नाही. क्वचितच घडणाऱ्या चुका हाताळणारा कोड मुख्य वाटेपासून दूर ठेवला जातो, म्हणजे तो विनाकारण टेबलावर येत नाही. नक्कल करण्यासारख्या कामाच्या अनेक पद्धती ठेवून, यंत्र सुरू होताना प्रोसेसर ओळखून योग्य ती निवडण्याचीही सोय आहे. या सर्वांत एक समान धागा आहे: संपूर्ण कर्नलला एक नियम न लावता, कोणता भाग किती वेळा आणि केव्हा चालतो, हे पाहून निर्णय घेणे.

वर्गात हे करून पाहण्याजोगे आहे. वरिष्ठ विद्यार्थ्यांनी दहाने भागाकार करणारे छोटे फंक्शन लिहावे, जीसीसीने ते ओ-२ आणि ओ-एस अशा दोन्ही पद्धतींनी बांधावे आणि तयार झालेल्या आज्ञा शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. ३४३५९७३८३७ ही संख्या किंवा तिचेच दुसरे रूप एकीत सापडेल, दुसरीत नाही. मग दोन्हींचे बाइट मोजावेत आणि कोटी वेळा चालवून वेळही मोजावा. यंत्र नवे असेल तर फरक अपेक्षेपेक्षा कमी येईल. तोही धडाच आहे. संगणक नसेल तेथे टेबलाचा खेळ खेळता येतो. चार पुस्तके मावतील एवढी चौकट आखा. एका मुलाला आठ पुस्तकांतून उतारे शोधायला सांगा आणि मधूनमधून दुसऱ्याला त्याच चौकटीत स्वतःची पुस्तके ठेवू द्या. दुसऱ्याने एक पुस्तक आणले तर पहिल्याचा किती वेळ जातो आणि तीन आणली तर किती, हे मुलांना मोजू द्या.

मार्गदर्शिकेतील तीन ओळींच्या नियमाबद्दल आमचा निष्कर्ष असा. नवशिक्याला सावध करण्यासाठी तो चांगला आहे, शिकवण्यासाठी अपुरा आहे. नियमासोबत त्याचे कारण, त्याचे एकक आणि त्याचा काळ सांगितला तरच तो विज्ञानाचा भाग होतो. नाहीतर पाठ केलेल्या पाढ्यासारखा राहतो. पाढा निदान कधी जुना होत नाही. असे नियम मात्र दर काही वर्षांनी यंत्रासमोर पुन्हा उभे करावे लागतात.